आधी वाटणी, मग वैराग्य

बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद आपल्याला आठवतो तो मैत्रेयीच्या प्रश्नामुळे. धनाने भरलेली सगळी पृथ्वी हाती आली तरी मी त्याने अमर होईन का, असं ती विचारते आणि तिथून बोलणं आत्म्याकडे वळतं. प्रवचनकारही तिथूनच रंगात येतात. ज्या कारणाने हा संवाद घडला ते मात्र घाईने ओलांडलं जातं. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे, आणि निघण्याआधी त्याला मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांमध्ये व्यवस्था लावून द्यायची आहे. जनकाच्या यज्ञात वाद सुरू व्हायच्या आधीच हजार गाई आपल्या शिष्याकडून हाकून न्यायला सांगणारा हा माणूस. त्याच्याकडे वाटण्यासारखं बरंच काही असणार. मैत्रेयीने धन नको, ज्ञान हवं असं सांगितलं. कात्यायनीबद्दल उपनिषद फार बोलत नाही. चारचौघींसारखी समज असलेली म्हणून तिला बाजूला ठेवतं. पण नवरा निघून गेल्यावर कात्यायनीला घर चालवायचंच होतं, आणि ते त्या वाटणीवरच चालणार होतं. भारतीय परंपरेतल्या सर्वांत थोर तत्त्वसंवादाची सुरुवात मालमत्तेच्या वाटणीने व्हावी, हा मला योगायोग वाटत नाही.

आपल्या घरांमध्ये याच्या नेमकं उलट समजलं जातं. पासष्टी ओलांडलेल्या सुशिक्षित, देवभोळ्या किंवा वेदान्ती गृहस्थाला मृत्युपत्राचं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: आपलं काय आहे इथे, सगळं इथेच राहायचं, पोरं बघून घेतील. या वाक्यात विरक्ती आहे असं बोलणाऱ्याला वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही. वकिलाकडे जाऊन घर, ठेवी, दागिने, शेत यांची यादी करणं म्हणजे मरताना मायेला मिठी मारणं, असा त्यामागचा भाव. माझं म्हणणं असं की हे वैराग्य नव्हे. ज्याने व्यवस्था न लावता डोळे मिटले त्याने काहीही सोडलेलं नसतं; सोडण्याचं काम त्याने मागे राहिलेल्यांवर टाकलेलं असतं. आणि ते काम आपल्या समाजात बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतं.

तुकोबांच्या चरित्रातली एक गोष्ट या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. घरात सावकारी होती, कुळांची खतं होती, आणि ती तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, एवढं सर्वांना ठाऊक असतं. परंपरा त्यात आणखी एक तपशील सांगते. धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपला हिस्सा मागितला. तेव्हा खतांची वाटणी झाली, कान्होबांचा वाटा त्यांना दिला गेला आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. भावाचा प्रपंच भावाचा, त्यावर आपलं वैराग्य लादायचं नाही, इतकी स्वच्छ नजर त्यामागे आहे. सगळीच खतं एकदम नदीत टाकली असती तर ते दिसायला अधिक भव्य झालं असतं आणि धर्माच्या दृष्टीने अधिक खोटं. त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचाच करता येतो. आणि आपलं किती हे आधी ठरवल्याशिवाय तो करता येत नाही.

आता न लिहिता गेलेल्या माणसाच्या घरी काय होतं ते पाहावं. तेरावा होतो, मग कुणीतरी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करतो. वारसांत मुलींची नावं लागतात, कारण कायदा तसा आहे. त्यानंतर काही दिवसांनी बहिणींना बोलावणं जातं आणि हक्कसोडपत्र पुढे येतं. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर भाऊबीज तुटते. कुणी तसं तोंडाने म्हणत नाही; म्हणायची गरजही नसते. म्हणजे बापाने जे कधी सोडलं नाही ते सोडण्याची परीक्षा मुलीने द्यायची, तीही आपण लोभी नाही हे सिद्ध करण्यासाठी. बापाने हयातीत स्वच्छ लिहून ठेवलं असतं की हा हिस्सा हिचा, तर तिला मागावंही लागलं नसतं आणि नाकारावंही. मागण्याची लाज आणि सोडण्याची सक्ती या दोन्हींतून दुसऱ्याला वाचवणं याला मी धर्मकृत्य म्हणेन. मौन बाळगून गेलेल्या बापाच्या फोटोला हार घालताना मुली हे बोलत नाहीत, इतकंच.

मरणाचं बोलणं अशुभ, हा आक्षेप मी फार गंभीरपणे घेत नाही, पण तो टाळूनही चालत नाही. कारण वकिलाची पायरी न चढण्याचं खरं कारण पुष्कळदा तेच असतं. ज्या परंपरेच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो तिला मरणाआधीच्या व्यवस्थेचं मुळीच वावडं नव्हतं. संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो. कौषीतकी उपनिषदात तर मरणासन्न पित्याने मुलाच्या हाती सर्व काही सोपवण्याचा विधी सांगितला आहे. घरात ताजं गवत अंथरायचं, अग्नी सिद्ध करायचा, नवं वस्त्र पांघरून बापाने निजायचं, आणि आपली वाणी, प्राण, दृष्टी, कर्मं, सुखदुःखं एकेक करून मुलात ठेवायची. मुलाने ती स्वीकारल्याचं म्हणायचं. पुढची अट फार कडक आहे: असं सोपवल्यावर बाप बरा झाला तर त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावं किंवा परिव्राजक व्हावं. दिलेलं परत नाही. आजचं मृत्युपत्र याहून कितीतरी सौम्य आहे. ते मरणानंतरच लागू होतं आणि करणारा शुद्धीवर असेपर्यंत हवं तेव्हा बदलता किंवा रद्द करता येतं. ज्यांना लिहिलं की हातातून गेलं अशी भीती वाटते त्यांनी ती दानपत्र किंवा बक्षीसपत्र करताना बाळगावी. तिथे ती रास्त आहे.

याहून वजनदार आक्षेप शास्त्राचा आहे. मृत्युपत्र ही आपली गोष्टच नव्हे, ती इंग्रजांबरोबर आली, असं म्हणणारा माणूस निम्मा बरोबर असतो. धर्मशास्त्रात मृत्युपत्र नावाची संस्था नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि महाराष्ट्रात पुढे जो कायदा चालला त्याचा कणा तिथे आहे. तिचं म्हणणं असं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. म्हणजे बाप हा मालक नव्हे, अनेकांतला एक. आणि जे एकट्याचं नाही ते मरताना एकट्याने कुणाला कसं द्यावं? स्थावराच्या बाबतीत तर मिताक्षरा जन्मलेल्यांबरोबर अजून न जन्मलेल्यांच्या आणि गर्भातल्यांच्या उपजीविकेचाही विचार करायला लावते. मात्र याच शास्त्रात कात्यायनाचं एक वचन आहे: माणसाने निरोगी असताना किंवा आजारात धर्मासाठी जे द्यायचं कबूल केलं ते न देताच तो मेला, तर मुलाकडून ते देववावं. मेलेल्याचा शब्द जिवंतांवर बंधनकारक कसा, या प्रश्नाचं आपल्या परंपरेतलं उत्तर इथे मिळतं. मृताला अजून काही हवं असतं म्हणून नव्हे. दिलेला शब्द हे ऋण आहे, आणि ऋण माणसाबरोबर जळत नाही. चार्वाकाने देहाच्या राखेनंतर काही उरत नाही म्हणून कितीही हिणवलं तरी या युक्तिवादाला धक्का लागत नाही, कारण तो परलोकावर उभाच नाही.

इंग्रजी अमलात 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टने आणि पुढे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने या गोष्टीला लेखी रूप दिलं. मृत्युपत्र त्याआधीच आलं होतं आणि त्याबरोबर एक नवा मोहही आला होता, मेल्यावरही सत्ता गाजवण्याचा. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण कोलकात्याचे प्रसन्नकुमार टागोर. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग चालतो. त्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा हक्क नाही, म्हणून बापाला मोकळीक अधिक. प्रसन्नकुमार स्वतः नामांकित वकील. एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला, तेव्हा त्यांनी 1862 मध्ये मृत्युपत्र करून त्याला वगळलं आणि इस्टेट पुतण्याकडे, नंतर पिढ्यान्‌पिढ्या फक्त पुरुष वंशजांकडे जावी अशी साखळी बांधली. त्यांच्या निधनानंतर तंटा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1872 च्या निकालाने पुतण्याला हयातीपुरता हक्क दिला. पण पुढची साखळी तोडली. जो अजून जन्मलाच नाही त्याला देणगी देता येत नाही आणि कायद्याला ठाऊक नसलेला वारसाक्रम कुणी खासगीत निर्माण करू शकत नाही, असा त्याचा आशय. पुतण्यानंतरचा हक्क फिरून त्या वगळलेल्या मुलाकडेच आला. गंमत अशी की कोलकाता विद्यापीठातली टागोर विधी व्याख्यानंही याच प्रसन्नकुमारांच्या देणगीतून उभी राहिली. देऊन हात सोडला ते टिकलं, आणि मुठीत धरून दिलं ते न्यायालयाने सोडवलं. वैराग्याच्या दृष्टीने चांगल्या आणि वाईट मृत्युपत्रातला फरक यात पुरेसा दिसतो. अमक्या जातीतच लग्न केलं तर घर, आमच्या पद्धतीने कुळाचार चालवला तर शेत, असल्या अटी लिहायला सांगणाऱ्याला चांगला वकील आधी थांबवतो. त्या टिकण्याची खात्री नसते, आणि टिकल्या तरी त्या देणं नसतात.

वकिलाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबायला हवं, कारण मनातली गोष्ट लिहायला तिऱ्हाईत कशाला, असंही विचारलं जातं. कायद्याने वकील सक्तीचा नाही. साध्या कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. पण वकील पहिला प्रश्न विचारतो तो अध्यात्मातल्या पहिल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे: यातलं तुमचं काय? मग कागद बाहेर पडतात. गावची जमीन एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित, म्हणजे मुलाबरोबर मुलीचाही तिच्यात जन्मतः हक्क. महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राने 2005 मध्ये तो मान्य केला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या दुरुस्तीतला हा हक्क जन्मानेच असतो, त्यासाठी बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे स्पष्ट केलं. बापाला त्यातला फक्त आपला हिस्सा लिहून देता येतो. फ्लॅटच्या करारावर बायकोचं नाव आहे आणि निम्मे हप्ते तिच्या पगारातून गेलेले. शेअरवर नॉमिनी म्हणून धाकट्याचं नाव. तेवढ्याने ते त्याचे झाले असा घरात समज. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने ताबा घेणारा, हे शेअरच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे. तास-दीड तासात माझं माझं म्हणून आणलेली यादी बरीच लहान होते. ममत्व कमी करण्याचा याहून रोकडा अभ्यास मला माहीत नाही. नाही म्हणायला त्याची फी द्यावी लागते.

आता सर्वांत व्यावहारिक आक्षेप: कायद्याने वारस ठरवून दिलेच आहेत, मग हा उपद्व्याप का? हिंदू उत्तराधिकार कायद्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से मिळतात; पुष्कळ घरांना एवढं पुरतं हे मान्य. पण कायदा नाती मोजतो, माणसं ओळखत नाही, आणि हे विशेषतः बायकांच्या मालमत्तेत फार क्रूरपणे दिसतं. अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची स्वकष्टार्जित मिळकतही तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. हे कागदावरचं भय नव्हे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरने घराबाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता वारली. मागे होती तिच्या पगारातली बचत आणि भविष्यनिर्वाह निधी. तिच्या आईने हक्क सांगितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला, आणि तो त्यांना मिळाला. सहानुभूतीवर वारसा ठरत नाही असं न्यायालय म्हणालं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकाल चूक नसेलही. पण ज्या घराने तिला हाकललं त्याच्याकडे तिचे कष्ट गेले, आणि ते टाळायला दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद पुरला असता. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, अपत्य नसलेल्या बाईला कुणी भाग्यावर सोडा असं सांगत असेल तर तिने ते मुळीच ऐकू नये. हीच गोष्ट शेवटपर्यंत सेवा करणाऱ्या सुनेची, कागदोपत्री दत्तक न घेतलेल्या लेकराची, वीस वर्षं घर सांभाळणाऱ्या मावशींची. वारसांच्या यादीत यांना सहसा जागा नाही. असेल तर ती फक्त मृत्युपत्रात.

याउलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाही. मृत्युपत्र हे मुलींना वगळण्याचंही सर्वांत सोपं हत्यार आहे. स्वकष्टार्जित मिळकतीबाबत, आणि कलम 30 मुळे एकत्र कुटुंबातल्या स्वतःच्या हिश्श्याबाबतही, हिंदू माणूस सगळं एकाच मुलाला लिहून देऊ शकतो. कायदा त्याचा हात धरत नाही. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, ती सुखात आहे, अशी कारणं अशा कागदांत सन्मानाने लिहिलेली सापडतात. हे पाहून कुणी म्हणालं की यापेक्षा मृत्युपत्र नसलेलंच बरं, तर त्याचा राग मला समजतो. त्यावर इतर परंपरांनी काय उपाय केला ते पाहावं. इस्लाममध्ये कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च भागवल्यावर उरलेल्याच्या एक तृतीयांशापुरतीच वसियत करता येते, आणि सुन्नी शास्त्रात वारसालाच झुकतं माप द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हदीसमध्ये दोन्ही टोकं आहेत: देण्यासारखं काही असलेल्या मुसलमानाने वसियत लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, आणि सगळी दौलत दान करू पाहणाऱ्या साद इब्न अबी वक्कासना पैगंबरांनी एक तृतीयांशावर थांबवलं, तेही खूप झालं म्हणून. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावणारं दान तिथे पुण्य ठरत नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेपासून चालत आलेला आणि आता 2012 च्या राज्य कायद्यात असलेला नियम असा की मुलं असतील तर माणसाला आपल्या निम्म्या मिळकतीचीच हवी तशी व्यवस्था करता येते. उरलेलं निम्मं मुलामुलींचं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. शिवाय तिथे सर्वसाधारणपणे नवराबायकोची मिळकत सामायिक असते. म्हणजे नवऱ्याच्या मर्जीला उरतो जोडप्याच्या एकूण मिळकतीचा चौथा हिस्सा. धर्म कोणताही असो, गोव्यातल्या हिंदूलाही हाच नियम आहे आणि त्याने त्याच्या धर्माला काही इजा झालेली दिसत नाही.

हयातीत कधी न केलेलं दान मरताना मठाला किंवा मंदिराला लिहून देणाऱ्यालाही सादची ही गोष्ट लागू आहे. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने सर्वस्व द्यायच्या यज्ञात गवत खाऊन, पाणी पिऊन, दूध देऊन संपलेल्या गाई दिल्या, आणि नचिकेत्याने बापाला छेडलं ते त्यावरून. काय देतो आणि कुणाच्या तोंडचं काढून देतो, हे देवाच्या नावाने झाकता येत नाही.

तेव्हा महाराष्ट्रातल्या हिंदू गृहस्थाला कायद्याने जी अमर्याद मोकळीक दिली आहे तिला त्याने स्वतःहून गोव्याची मर्यादा घालून घ्यावी, असं माझं मत आहे. निम्मं पत्नी आणि सर्व अपत्यांत, मुलगा-मुलगी न पाहता, सारखं. उरलेल्या निम्म्यात सेवेची परतफेड, गरजवंत अपत्याला अधिक, दान, जे मनाला पटेल ते. आधी देणी लिहावीत, हातउसनी घेतलेलीही. अटी घालू नयेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार दोन, आपल्याहून तरुण आणि आपल्याला सही करताना प्रत्यक्ष पाहणारे. हात थरथरायला लागण्याआधी सही करावी, कारण मृत्युपत्र पुढे येतं तेव्हा ते करणारा साक्ष द्यायला नसतो, आणि शेवटच्या आजारात, एकाच मुलाच्या घरी, त्याच्याच वकिलाने केलेल्या कागदाकडे न्यायालयं संशयाने पाहतात. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच असते. म्हणून वकील आपला स्वतःचा असावा, मुलाने आणलेला नसावा. आणि मुलीला वगळायचंच ठरलं असेल, तर ते तिला समोर बसवून, आपल्या तोंडाने सांगण्याची हिंमत असेल तरच लिहावं.